श्वास रोखून नॅशनल रेकॉर्ड म्हणजे नक्की काय? मुलगी फ्रीडायव्हिंगच्या मागे लागलीये (बडोदा)

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे पण शेवटपर्यंत वाचा, मला खरंच माहिती हवीये.

माझी मुलगी २३ वर्षांची. लहानपणापासून पोहते. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर अंदमानला गेली आणि हॅवलॉकला फ्रीडायव्हिंगचा कोर्स करून आली. म्हणजे पाठीवर सिलिंडर वगैरे काही नाही, एक श्वास घ्यायचा आणि दोरीच्या आधारानं खाली जाऊन परत यायचं. १६ मीटर गेली म्हणे. परत आली ती वेगळीच होऊन आली. आता रोज रात्री जेवणं झाली की गच्चीवर सतरंजी टाकून आडवी होते आणि श्वास धरते. मी शेजारी मोबाइल घेऊन बसतो. दोन अडीच मिनिटं काही कळत नाही, झोपलीये असंच वाटतं, मग पोट उडायला लागतं, आतून कुणी गुद्दे मारतंय असं, बरगड्यांखाली खड्डा पडतो आणि सुटतो, पडतो आणि सुटतो, आणि चेहरा मात्र शांत. परवा ४ मिनिटं १० सेकंद झाली. ओठ जांभळट दिसले मला. ती उठून हसली आणि पाणी मागितलं, माझे हात मात्र नंतर अर्धा तास थरथरत होते.

इथवर ठीक होतं. पण माझ्या बहिणीनं घरच्या ग्रुपवर टाकलं की आमची पोरगी आता इंडियाचा रेकॉर्ड करणार. तेव्हापासून नागपूर, पुणे, ग्वाल्हेर सगळीकडून फोन चालू आहेत, कधी करतेय, किती मिनिटांचा आहे, पेपरात येणार का. एका भाच्यानं २९ मिनिटांची बातमी पाठवली, म्हणे ४ मिनिटं म्हणजे काहीच नाही. मुलगी त्या दिवसापासून गप्प आहे आणि जास्तच वेळ श्वास धरते.

हा रेकॉर्ड मोजतात कसा, कोण मोजतं, धोका किती, आणि बडोद्यात बसून हे होण्यासारखं आहे का? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज लिहा.

दोरीवरचा

काका, मी अलकापुरीत राहतो, गेली सहा वर्षं हे करतोय आणि तीन स्पर्धा केल्यात, त्यामुळे मला जे माहिती आहे ते सरळ सांगतो.

आधी त्या २९ मिनिटांचं. ते खरंय, पण तो प्रकार वेगळा. २०२५ मधे क्रोएशियाच्या व्हितोमिर मारिचिचनं २९ मिनिटं ३ सेकंद श्वास धरला, पण आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन. तो गिनेसचा रेकॉर्ड. आपण जी हवा घेतो तीच घेऊन पाण्यात तोंड घालून पडायचं याला स्टॅटिक म्हणतात, त्यात फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूदनं २००९ मधे ११ मिनिटं ३५ सेकंद केले आणि तो आकडा वर्षानुवर्षं आयडाच्या यादीत वरती राहिला. आयडा म्हणजे या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, १९९२ ची. दुसरी सीमास, ती जुनी, १९५९ ची. दोघांचे रेकॉर्ड वेगळे धरतात, त्यामुळे बातम्यांमधे एकाच प्रकाराचे दोन दोन आकडे दिसतात आणि घरच्या ग्रुपवर गोंधळ होतो. भाच्याला हे वाचायला द्या. पहिल्या दोन वर्षांत कोरड्यावर ४.१० हे चांगलं आहे, खरंच चांगलं आहे.

प्रकार बरेच आहेत. पूलमधे स्टॅटिक, आणि डायनॅमिक म्हणजे एका श्वासात आडवं किती मीटर पोहता ते. समुद्रात खोलीचे, पायाला पंख (फिन्स) लावून, पंखांशिवाय, किंवा नुसती दोरी ओढत. प्रत्येकाचा नॅशनल रेकॉर्ड वेगळा, बायकांचा पुरुषांचा वेगळा. म्हणून "इंडियाचा रेकॉर्ड" असं एकच काही नसतं, पहिल्यांदा हे विचारायचं की कशातला.

आणि गच्चीवरचा कुठलाच धरत नाहीत. मान्यताप्राप्त स्पर्धा पाहिजे, जज पाहिजेत, आदल्या संध्याकाळी तुम्ही किती मीटर जाणार ते लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी दोरी बरोबर तेवढ्यावर लावतात, खाली थाळी असते, तिच्यावर छोटे टॅग लावलेले असतात, त्यातला एक घेऊन वर यायचं.

वर आल्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं. डोकं पाण्याबाहेर आलं की १५ सेकंद मिळतात. त्यात तोंडावरचा चष्मा, नाकाचा चिमटा जे काही असेल ते काढायचं, मग हातानं ओके दाखवायचं, मग तोंडानं "आय अ‍ॅम ओके" म्हणायचं. याच क्रमानं. आणि ३० सेकंद होईपर्यंत तोंड परत पाण्यात गेलं नाही पाहिजे, शुद्ध गेली नाही पाहिजे. मग जज कार्ड दाखवतो. पांढरं म्हणजे पास, पिवळं म्हणजे गुण कापून पास, लाल म्हणजे काहीच नाही, खाली कितीही जाऊन आला असाल तरी.

आखाड्यातला

दांडियाबाजारकर, तुमची काळजी कळते. मी जुम्मादादांच्या आखाड्यात वाढलेला माणूस, वय ६८. आमच्याकडे श्वास धरणं नवीन नाही, कुंभक लहानपणी शिकवला. पण गुरुजींचा नियम असा की शरीरानं मागितलं की सोडायचं, मागण्याशी भांडायचं नाही. इथे तर पोट उडतंय तरी धरून ठेवायचं असं दिसतंय. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या वेळेला पोरं वावेत (पायऱ्यांच्या विहिरीत) वरून उड्या मारून तळाची माती मुठीत आणायची, आणि एक पोरगा माती घेऊन वर आला तो पायरीवर बसल्या बसल्याच पडला. लोक म्हणाले भूतबाधा. ती बाधा कसली होती ते आत्ता दोरीवरचा यांचं ३० सेकंदांचं वाचून कळलं.

त्या पोराला दुसऱ्यानं दंड धरून वर ओढला म्हणून वाचला. तेवढं लक्षात ठेवा.

ओपीडीनंतर

मी भूल देणारी डॉक्टर आहे, त्यामुळे ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड हे माझं रोजचं काम. काकांनी पाहिलेलं पोट उडणं म्हणजे श्वासपटलाचे झटके. ते ऑक्सिजन संपला म्हणून येत नाहीत, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून येतात. ती शरीराची घंटा आहे. सरावानं माणूस घंटा वाजत असताना शांत पडायला शिकतो आणि तेव्हा खरंच बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

धोका कुठे आहे तर घंटाच बंद करण्यात. पुष्कळ लोक आधी जोरजोरात भराभर श्वास घेतात, वाटतं की ऑक्सिजन भरतोय. निरोगी माणसाचं रक्त आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात आणखी जवळजवळ काही जात नाही. जातो तो कार्बन डायऑक्साइड बाहेर. मग घंटा उशिरा वाजते किंवा वाजतच नाही, आणि माणूस मजेत पोहता पोहता बेशुद्ध होतो, त्याला स्वतःला काही कळत नाही. मुलीला एवढं एकच विचारा, श्वास धरायच्या आधी भराभर श्वास घेते का. घेत असेल तर आजपासून बंद.

समुद्रात आणखी एक भानगड. ३० मीटरवर दाब वरच्या चौपट असतो, त्या दाबामुळे फुप्फुसातला थोडासा ऑक्सिजनही रक्तात जातो आणि खाली असताना छान वाटतं. वर येताना दाब उतरतो, आणि शेवटच्या १० मीटरमधे तर तो निम्म्यावर येतो. म्हणून शुद्ध जाते ती खाली नाही, वर येता येता, कधी कधी वर पोचून एक श्वास घेतल्यावरसुद्धा, कारण त्या श्वासाचा ऑक्सिजन मेंदूपर्यंत जायला काही सेकंद लागतात. आखाड्यातलाकाकांच्या आजोबांच्या गोष्टीतला पायरीवर बसलेला मुलगा अगदी हाच.

सलाटवाडा_मीनल

मला हे लिहायचं नव्हतं पण लिहिते. माझा आतेभाऊ, १९ वर्षांचा, इथल्याच एका पूलमधे एका श्वासात दोन लांब्या मारायचा. एकटाच करायचा. एक दिवस दुसऱ्या लांबीत मधेच थांबला आणि हळूहळू तळाशी बसला. काठावर लाइफगार्ड होता, त्याला वाटलं रोजच्यासारखी प्रॅक्टिस चालू आहे. मी तिथेच बाकावर बसून केस पुसत होते आणि मलाही तसंच वाटलं, हे मी आजपर्यंत विसरले नाहीये. हात पाय मारले नाहीत, आवाज नाही, बुडबुडेसुद्धा नाहीत. शेजारच्या लेनमधल्या एका बाईंचा पाय त्याला लागला म्हणून त्या खाली बघायला वाकल्या. बाहेर काढला तेव्हा निळा पडला होता. चार दिवस आयसीयूत होता, आता बरा आहे, नोकरी करतो, पण पाण्यात गेला नाही परत.

दांडियाबाजारकर काका, तुमची मुलगी पूलमधे कुणाबरोबर करते? हे आधी सांगा. रेकॉर्डचं नंतर बघू.

दोरीवरचा

मीनल, लिहिलंस ते बरं केलंस. आमच्यात पहिल्या दिवशी पहिला नियम शिकवतात तो हाच, पाण्यात एकट्यानं कधीच नाही. कमरेएवढ्या पाण्यात नाही, बाथटबमधे नाही. काठावरचा लाइफगार्ड म्हणजे जोडीदार नव्हे, जोडीदाराला तुम्ही नक्की काय करताय आणि किती वेळ करणार हे माहिती असतं आणि तो फक्त तुमच्याकडेच बघत असतो. स्पर्धेत शुद्ध जाणारे पुष्कळ असतात आणि जवळजवळ सगळे मिनिटाभरात बोलायला लागतात, कारण सेफ्टी डायव्हर अर्ध्या वाटेवर खाली येऊन भेटतात आणि डोळ्यात डोळे घालून बरोबर वर येतात. वर आणलं की चेहऱ्यावर फुंकर, गालावर टिचकी, नावानं हाक. बहुतेक वेळा एवढ्यानंच श्वास चालू होतो. नाही झाला तर तोंडानं श्वास देतात. हे शिकलेला माणूस शेजारी असणं हाच सगळा फरक.

आता माझं सांगतो. दुसऱ्या स्पर्धेत, इजिप्तमधे दहाबला, मी ५२ मीटर लिहून दिलं. त्याआधी सरावात ५० झाले होते, एकदाच. ५२ का, तर ५० च्या पुढे काहीतरी पाहिजे म्हणून, दुसरं कारण नाही. खाली जाताना सगळं छान. २० च्या खाली शरीर आपोआप बुडायला लागतं, हलायचंही नसतं, डोळे अर्धे मिटून दोरी चेहऱ्यापासून वीतभर ठेवायची आणि कानात हवा देत राहायचं. थाळी दिसली, टॅग घेतला, मांडीला चिकटवला, फिरलो. वर येताना पाय जड झाले, आणि सेफ्टी दिसला तेव्हा त्याचा चेहरा बोगद्यातून बघतोय असा दिसला. वर आलो, दोरी धरली, श्वास घेतला, जजकडे बघून ओके दाखवलं, "आय अ‍ॅम ओके" म्हणालो, अगदी स्वच्छ. सगळे ओरडत होते, मला वाटलं कौतुक करतायत. ते ओरडत होते "नोजक्लिप, नोजक्लिप". चिमटा नाकावरच होता. लाल कार्ड. टॅग हातात, ५२ मीटर घड्याळावर, आणि निकालाच्या कागदावर शून्य.

त्या दिवशी फार राग आला होता. रात्री व्हिडिओ बघितला तेव्हा राग गेला. माझे डोळे कुठेच बघत नव्हते, ओठ राखाडी होते. माझ्या डोक्यात मी पूर्ण शुद्धीत होतो आणि त्या चित्रात मी नव्हतोच. १५ सेकंदांत तीन साध्या गोष्टी क्रमानं करायला लावतात ते याच्यासाठी, मेंदूला पुरेसा ऑक्सिजन आहे की नाही याची ती परीक्षा आहे.

काका, एक गोष्ट जड आहे तरी सांगतो, कारण ती नॅशनल रेकॉर्डचीच आहे. निकोलस मेवोली, न्यूयॉर्कचा, ३२ वर्षांचा. २०१३ च्या मे मधे एका श्वासात १०० मीटर जाणारा तो पहिला अमेरिकन झाला. नोव्हेंबरमधे बहामाला डीन्स ब्लू होल या समुद्रातल्या खोल विवरात स्पर्धा होती. दोन दिवस आधीच्या डाइव्हनंतर त्याच्या तोंडातून रक्त आलं होतं, म्हणजे फुप्फुसाला इजा झाली होती. तरी १७ नोव्हेंबरला तो पंखांशिवाय ७२ मीटरला उतरला, अमेरिकेचा रेकॉर्ड. ६८ च्या आसपास थांबला, वळल्यासारखा झाला, आणि परत खाली गेला. वर आला, ओके दाखवलं, बोलायला जमलं नाही, मग शुद्ध गेली ती परत आली नाही. आयडाच्या स्पर्धेतला तो पहिला मृत्यू. त्याच विवरात तेव्हा न्यूझीलंडचा विल्यम ट्रब्रिज पंखांशिवाय १०० च्या खाली जाऊन आलेला होता, २०१६ मधे तर १०२ मीटर गेला. म्हणजे ७२ हा जगासाठी मोठा आकडा नव्हता. तो फक्त त्या देशाच्या यादीतला पुढचा आकडा होता.

त्या चार मीटरचा मी खूप विचार केलाय. परत फिरला असता तर गुण कापले जातात, ६० लिहून ५५ वरून आलात तर कमी पडलेल्या मीटरला एकेक गुण जातो, टॅग नाही म्हणून आणखी एक, आणि रेकॉर्ड तर नाहीच. खाली असताना माणसाच्या डोक्यात हे असतं. आणि घरचे वाट बघतायत हेही असतं. म्हणून तुमच्या ग्रुपवरचे फोन मला साधे वाटत नाहीत.

खंडेराव_मार्केट

भाऊ मस्त माहिती, पण एक शंका. आपला देश एवढा मोठा, आणि हा खेळ करणारे थोडेच. मग नॅशनल रेकॉर्ड तुलनेनं जवळचाच असणार ना? एखाद्या मेहनती मुलीनं का नाही करायचा, नाव होईल, पुढच्यांना रस्ता होईल. सगळे नुसते घाबरवताय तिला.

दोरीवरचा

नाही, घाबरवत नाहीये, करावाच. जवळचा असू शकतो हेही खरं. फक्त जवळचा आहे म्हणून सोपा असं समजू नका. नॅशनल रेकॉर्डचा आकडा एकट्या माणसाचा नसतो, त्या देशाला खोल पाणी किती जवळ आहे आणि शेजारी उभं राहणारे किती आहेत त्याचाही असतो. इटलीत पादुआजवळ ४२ मीटर खोल गरम पाण्याचा पूल आहे, दुबईत ६० मीटरचा. दहाबला तर किनाऱ्यावरून चालत जाऊन ब्लू होलमधे उतरतात. आणि आपण? विश्वामित्रीत मगरी. मही गढूळ. खंभातचं आखात म्हणजे नुसता चिखल आणि भरती ओहोटीचा लोंढा. खोल स्वच्छ पाण्यासाठी बडोद्याच्या माणसाला अंदमान नाहीतर लक्षद्वीप, किंवा सरळ परदेश. माझे दहाबच्या तीन आठवड्यांचे दोन लाखांच्या वर गेले, त्यात खरे खोलीचे दिवस बारा. कान जमले नाहीत म्हणून त्यातले चार फुकट गेले.

हो, कान. लोकांना वाटतं श्वास कमी पडतो, पण ३० मीटरनंतर बहुतेकांना अडवतात ते कान. वर ६ लिटर असलेली हवा ३० मीटरवर दीड लिटर होते. ती गालात साठवून जिभेनं थोडी थोडी कानाकडे ढकलायची असते. हे मात्र घरी बसून शिकता येतं, फुगा नाकपुडीला लावून फुगवत.

पूलचे प्रकार बडोद्यात होऊ शकतात. डायनॅमिक, स्टॅटिक. तिथून सुरुवात करावी असं माझं मत.

गच्चीवरची

मीच ती मुलगी. बाबांनी धागा दाखवला नाही, मी त्यांच्या मोबाइलमधे बघितला, सॉरी बाबा.

मीनलताई, खरं सांगते, पूलमधे मी एकटीच करत होते. सकाळच्या बायकांच्या बॅचला, कोपऱ्यात, भिंतीला धरून. कुणाला सांगितलं तर बंद करायला लावतील म्हणून सांगितलं नाही. डॉक्टरताई, आधी भराभर श्वास घेत होते, एका व्हिडिओत बघून. गेल्या मंगळवारी ५० मीटर झाले आणि शेवटचे काही मीटर मला आठवतच नाहीयेत, भिंतीला हात लागला तेवढं आठवतं. मी ते बाबांना सांगितलं नव्हतं. तुमच्या भावाचं वाचून रात्रभर झोप लागली नाही.

रेकॉर्ड मला पाहिजे असं मी कधीच म्हटलं नव्हतं. आत्यानं लिहिलं. मग सगळे विचारायला लागले तर नाही म्हणायला लाज वाटली. अंदमानला १६ मीटरवर असताना एक क्षण असा होता की खाली निळं, वर निळं आणि माझं हृदय इतकं सावकाश चाललेलं की मधली जागा ऐकू येत होती. मला ते परत पाहिजे. पण स्पर्धाही करायची आहे, ते खोटं नाही बोलणार. दोरीवरचादादा, तुम्ही शिकवाल का?

ओपीडीनंतर

बाळा, शेवटचे मीटर आठवत नाहीत म्हणजे तू शुद्ध जाण्याच्या अगदी काठावर होतीस. या आठवड्यात पाण्यात श्वास धरायचा नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घे, आपल्या मुलींमधे लोह बरेचदा कमी असतं आणि तुझ्या खेळात तर ऑक्सिजनचा मोठा साठा रक्तातच. रिपोर्ट आला की इथेच विचार.

आखाड्यातला

मुली, आत्याला फोन कर आणि स्वतःच्या तोंडानं सांग. ग्रुपवर नको, फोनच कर.

दोरीवरचा

शिकवेन, पण दोन अटी. एक, बाबांनी सेफ्टी शिकायची, कारण मी रोज नसणार. दोन, पहिले तीन महिने घड्याळ मी लावणार, तू आकडा विचारायचा नाहीस. स्टॅटिकमधे बाबांनी काय करायचं ते सांगतो. ठरलेल्या वेळेच्या एक मिनिट आधीपासून दर १५ सेकंदांनी खांद्यावर दोनदा थोपटायचं, ती तर्जनी उचलून उत्तर देणार. बोट उचललं नाही तर लगेच परत थोपटायचं, तरी नाही उचललं तर विचार न करता चेहरा पाण्याबाहेर. अंदाज लावत बसायचं नाही. रविवारी सकाळी पूलवर भेटू, मी मॅनेजरशी बोलून एक लेन मागून ठेवतो.

दांडियाबाजारकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

मंगळवारचं वाचलं तेव्हा आधी चिडलो, मग बाथरूममधे जाऊन रडलो. तिच्या आईला सगळं सांगितलं. हिमोग्लोबिन १०.४ निघालं, गोळ्या चालू आहेत. आत्याला तिनं फोन केला, आत्या दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी गुळपोळ्या घेऊन आली. ग्रुपवर आता कुणी विचारत नाही.

गेल्या दोन रविवारी दोरीवरचा यांनी मला पाण्यात उभं करून शिकवलं. स्वतः बेशुद्ध पडल्याचं नाटक करायचे आणि मी हनुवटी धरून उलटं करायचो, फुंकर, टिचकी, हाक. सोळा सतरा वेळा केलं तेव्हा कुठे हात बरोबर जागी जायला लागला. आज पहिल्यांदा तिच्यावर. ती पालथी तरंगत होती, वेणी पाण्यावर पसरलेली, एरवी मला ते दृश्य बघवलं नसतं. १ मिनिट ३० ला थोपटलं, बोट उचललं. ४५ ला थोपटलं, उचललं. २ मिनिटांना जरा उशिरा उचललं, माझा हात हनुवटीखाली गेलासुद्धा होता, तेवढ्यात बोट वर आलं. अडीच मिनिटांना दोरीवरचांनी थांबवलं. वर आली, चष्मा काढला, ओके केलं, "आय अ‍ॅम ओके" म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली बाबा हात सोड आता.

येताना सेव उसळ खाल्ली तिघांनी. दोरीवरचा, पुढच्या रविवारी साडेसहा की सात? आणि माझ्यासाठी पण एक चष्मा बघून ठेवा, पाण्याखालून तिचा चेहरा नीट दिसत नाही.